तापात फिट आली म्हणजे मुलाला एपिलेप्सी झाली का? घाबरून होणाऱ्या या चुका टाळा

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तापात फिट आलेलं बाळ आमच्याकडे आलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, ताप डोक्यात गेला का हो?" आणि मग बाळ जरा शांत झालं की आजी बाजूला घेऊन हळूच विचारते, हे आयुष्यभराचं फेफरं तर नाही ना. भीती खरीच आहे, आपलं लेकरू डोळे फिरवून कडक झालेलं बघवत नाही. पण साध्या फिटने जेवढी इजा होत नाही तेवढी त्या भीतीपोटी घरात जे केलं जातं त्याने होते, म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दातखीळ बसली म्हणून तोंडात काहीतरी घालणं. चमचा, बोट, पाणी, कुणी कांद्याचा रस. जीभ गिळली जात नाही हो. फार तर चावली जाते आणि ती भरून येते, पण तुटलेला दात किंवा घोटभर पाणी श्वासनळीत गेलं तर जीवावर बेततं. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात लोखंडी किल्ली देणं हे अजून चालूच आहे, आणि लोकांचा त्यावर विश्वास का बसतो तर तापातली साधी फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, त्यामुळे त्या वेळी ज्याने जे केलं त्याला वाटतं आपल्यामुळेच थांबली.

तुम्ही एवढंच करा. बाळाला खाली सपाट जागेवर कुशीवर वळवा म्हणजे लाळ, उलटी बाहेर पडेल. गळ्याजवळचे कपडे सैल करा, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. घड्याळ बघा हे मी प्रत्येक आईला सांगते कारण त्या वेळी एक मिनिट सुद्धा अर्ध्या तासासारखं वाटतं आणि नंतर डॉक्टरांना खरी वेळ सांगता येत नाही. दुसरं कुणी जवळ असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच हातापायाला हे त्यात दिसतं आणि पुढचं बरंच त्यावर ठरतं. ५ मिनिटं झाली तरी थांबत नाही, की १०८ ला फोन नाहीतर सरळ जवळचा दवाखाना. आणि पहिलीच फिट असेल तर ती थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

आधी फिट येऊन गेलेल्या बाळांना बऱ्याच वेळा फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून देतात. तो वेळेवर सापडत नाही, एक्सपायरी उलटलेली असते किंवा गावी जाताना घरीच राहतो. किती पफ ते वजनावर आणि ब्रँडवर ठरतं, डॉक्टरांकडून विचारून बॉक्सवरच पेनाने मोठ्ठं लिहून ठेवा.

दुसरा गैरसमज, ताप वेळेत उतरवला असता तर फिट आलीच नसती. कितीतरी आया याच विचारात रात्र रात्र रडतात. पण पॅरासिटामॉलने बाळाला बरं वाटतं, फिट त्याने नक्की टळेल असं नाही, उलट खूपदा आधी फिट येते आणि मग अंगाला हात लावल्यावर कळतं की ताप आहे. तुमची चूक नाहीये ती. गार पाण्याने आंघोळ नको, बर्फ नको, त्याने बाळ कुडकुडतं आणि आणखी बेजार होतं.

औषधात मात्र एक घोळ फार होतो तो नीट वाचा. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स साधारणपणे १ एमएलला १०० मिलिग्रॅम असतात आणि सिरप ५ एमएलला १२० किंवा १२५, नाहीतर २५० मिलिग्रॅम. एका वेळचा डोस किलोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. आता सिरपच्या सवयीने ड्रॉप्सच्या बाटलीतून ५ एमएल दिलं तर ५०० मिलिग्रॅम झालं, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी, आणि १० किलोच्या बाळाला ते तिपटीहून जास्त आहे. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचायचंच.

आता एपिलेप्सीचं. तापातली फिट ६ महिने ते ५ वर्षं या वयात येते, शंभरातल्या २ ते ५ मुलांना, म्हणजे तुमच्या ओळखीत कुणाला तरी आलेली असणारच, फक्त कुणी बोलत नाही. अमेरिकेत अशा १७०६ मुलांवर ७ वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवलं गेलं, १९७६ साली त्याचे आकडे आले. शंभरातल्या साधारण २ मुलांना पुढे एपिलेप्सी झाली, ज्यांना तापात फिट आलीच नव्हती त्यांच्यात हेच प्रमाण अर्धा टक्का. म्हणजे धोका थोडा वाढतो हे खरं, पण ९८ मुलांना एपिलेप्सी होत नाही. बुद्धीवरही परिणाम दिसला नाही.

लोक गोंधळतात ते इथे, की तापात पुन्हा फिट येणं वेगळं आणि एपिलेप्सी वेगळी. साधारण तीनातल्या एका मुलाला पुढच्या कुठल्यातरी तापात परत फिट येते, पहिली फिट बाळ वर्षाचं व्हायच्या आत आली असेल तर जवळपास निम्म्या मुलांना. दुसऱ्यांदा आली म्हणून एपिलेप्सी झाली असं नाही, एपिलेप्सी म्हणजे ताप नसताना वारंवार फिट येणं. काळजी जास्त कुणाची करायची तर फिट १५ मिनिटांपेक्षा लांबली, एकाच बाजूला आली, २४ तासांत दोनदा आली, बाळाचा विकास आधीपासून मागे आहे, किंवा आईवडील-भावंडांत कुणाला एपिलेप्सी आहे. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर त्याच अभ्यासात आकडा शंभरात १० च्या आसपास गेला होता. ही मुलं न्यूरोच्या डॉक्टरांकडे जायलाच हवीत.

बाकीच्यांसाठी ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) आणि एमआरआयचा हट्ट धरू नका. निरोगी बाळाला एकच साधी फिट आली तर ईईजी काढून पुढे एपिलेप्सी होईल की नाही हे कळत नाही, आणि रोजची औषधं घेऊन तो धोका कमीही होत नाही. फिनोबार्बिटोनने मुलं चिडचिडी होतात, शिकण्यावर परिणाम होतो, व्हॅल्प्रोएट दोन वर्षांखालच्या बाळाच्या लिव्हरला त्रास देऊ शकतं. तापापुरतं दोन-तीन दिवस क्लोबाझाम काही मुलांना देतात, त्याने बाळ पेंगतं आणि चालताना झोकांड्या खातं. पण हे वाचून चालू असलेलं औषध आपल्या मनाने बंद करू नका, प्लीज, अचानक बंद केलं तर फिट उलट वाढू शकते.

याच्या अगदी उलटी चूकही मी बघते, मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून यावेळीही घरीच. साध्या फिटनंतर बाळ तासाभरात जागं होतं, ओळखतं, रडतं. उठतच नसेल, बरळत असेल, मान कडक, टाळू फुगलेली, अंगावर जांभळे डाग, उलट्या थांबत नाहीत, तर हा मेंदूज्वर असू शकतो आणि एक तासही घालवू नका. विदर्भातल्या लोकांना तर सांगायला नको, असाच मेंदूज्वर करणारा चांदीपुरा व्हायरस १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातच पहिल्यांदा सापडला, २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये मुलं दगावली. वाळूमाशीतून पसरतो, ताप, फिट आणि एक-दोन दिवसांत बाळ बेशुद्ध. आधीपासून अँटिबायोटिक चालू असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्याने मेंदूज्वराची लक्षणं झाकली जातात. ६ महिन्यांच्या आतलं किंवा ५ वर्षांवरचं मूल असेल तर तापातली फिट म्हणून सोडून देऊच नका.

आणि एक दुर्मिळ आजार आहे, ड्रॅव्हे सिंड्रोम. वर्षाच्या आतच थोड्याशा तापाने, लसीनंतर, कधी गरम पाण्याच्या आंघोळीने सुद्धा लांबलचक, एका बाजूच्या फिट परत परत येतात. बहुतेक वेळा जीनमधला बदल असतो, आणि एपिलेप्सीची काही नेहमीची औषधं यात उलटतात, म्हणून अशा बाळाला लवकर दाखवा.

लस मात्र थांबवू नका. डीपीटीनंतर ताप पहिल्या दोन दिवसांत येतो, गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने, तेव्हा लक्ष ठेवा, स्प्रे हाताशी ठेवा. लस टाळून गोवर झाला तर ताप त्याहून कितीतरी जास्त आणि मेंदूला सूजही येऊ शकते. रक्त तपासताना हिमोग्लोबिन बघून घ्या, लोह कमी असलेल्या मुलांमध्ये या फिट जास्त दिसतात.

आणि मुलगी आहे, उद्या लग्नाच्या वेळी कुणी काही बोलेल म्हणून लपवू नका. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मग पाळणाघरातल्या मावशींना, अंगणवाडीच्या ताईंना काहीच माहीत नसतं आणि त्या घाबरून तोंडात चमचा घालतात. त्यांना एका कागदावर लिहून द्या: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, ५ मिनिटांनंतर १०८, आणि खाली तुमचा नंबर.