आतड्यांसाठी ग्रीन टी घेताना या चुका टाळा

रंकाळ्यावर सकाळची फेरी मारून आल्यावर दुधाच्या चहाऐवजी ग्रीन टी घेणारे आता कोल्हापुरात पुष्कळ दिसतात. तो आतड्यांना चांगला असतो, हे त्यांनी ऐकलेले असते. तो काय करतो, हे मात्र सहसा ठाऊक नसते आणि चुका तिथूनच सुरू होतात.

ग्रीन टीमधील ईजीसीजी हे संयुग ऑक्सिडीकारक ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणूंचा अतिरेक, स्वतः थोडाफार शमवते. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींत त्याचा अधिक महत्त्वाचा परिणाम असा दिसतो की, कीप-1 या प्रथिनाने धरून ठेवलेले एनआरएफ-2 हे प्रथिन मोकळे होते आणि केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्ये बनवणाऱ्या जनुकांना चालना देते. म्हणजे बचाव मुख्यतः पेशीच करते, चहा तिला जागे करतो. हे संयुग रक्तात फार कमी उतरते म्हणून ते निरुपयोगी, हा आक्षेपही इथे टिकत नाही, कारण जे शोषले जात नाही ते आतड्यातच राहते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘जितके जास्त तितके चांगले’ असे मानणे. मात्रा वाढली की हेच संयुग हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करून पेशींना इजा करू शकते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृतावर ताण येऊ शकतो, असा इशारा दिला. त्यामुळे झणझणीत मिसळीवर उतारा म्हणून ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

आपला उकळलेला दुधाचा चहा वाईट नव्हे, पण त्याच्या पत्तीतील बरेचसे कॅटेचिन (ईजीसीजी ज्या गटात मोडते ती संयुगे) प्रक्रियेतच थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या वेगळ्या संयुगांमध्ये बदललेले असतात आणि उरलेल्यांना दुधातील केसीन हे प्रथिन काही प्रमाणात बांधून ठेवते. ईजीसीजीचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावू नयेत.

ग्रीन टी कडू लागत असेल, तर उकळते पाणी ओतले जात आहे किंवा पत्ती फार वेळ ठेवली जात आहे; सुमारे 80 अंशांचे पाणी आणि दोन-तीन मिनिटे पुरतात. उपाशीपोटी मळमळत असेल, तर न्याहारीनंतर घ्यावा. मेथीची भाजी आणि भाकरी खाऊन लगेच मात्र घेऊ नये, कारण तो भाजीतील लोहाचे शोषण कमी करतो. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी किमान तासाभराचे अंतर ठेवावे.

अर्काच्या गोळ्या सुरू असताना लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळसर दिसू लागले, तर गोळ्या तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि कोणती गोळी, किती दिवस घेतली, हे न लपवता सांगावे.