विमानात जीव घाबरतो? बेळगावच्या सांबरा विमानतळाला निघण्याआधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घराघरांत आता कोणी ना कोणी विमानाने जातंच. लेक बेंगळुरूला, मुलगा हैदराबादला किंवा परदेशात. मुलं तिकीट काढून मोबाईलवर पाठवतात आणि इकडे आईवडिलांची झोप उडते. विमानात बसल्यावर जी भीती वाटते, तिच्यातली बरीचशी आधी घरात आणि वाटेतच साठलेली असते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सुरुवात घरापासून करू.

विमानतळाचं नाव नीट न वाचणं

तिकिटावर 'गोवा' दिसलं की आपण निघतो. पण गोव्यात विमानतळ दोन आहेत. दाबोळी वास्कोजवळ आहे, तर मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात. मोपाहून प्रवासी विमानं जानेवारी 2023 पासून उडू लागली, त्यामुळे जुन्या माणसांच्या डोक्यात अजून दाबोळीच असतं. चुकीच्या ठिकाणी पोचलात तर दुसरीकडे वेळेत पोचणं जवळजवळ अशक्य. मुंबईलाही तोच प्रकार, टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 यांच्यात रस्त्याने काही किलोमीटरचं अंतर आहे. नाव आणि टर्मिनल आदल्या रात्री मोठ्याने वाचून घ्या, गाडीवाल्यालाही तेच सांगा.

गोव्याहून उडायचं असेल तर पावसाळ्यात चोर्ल्याच्या घाटाचा भरवसा धरू नका. दरड, धुकं, अडकलेला ट्रक, काहीही निघू शकतं. शिवाय वळणांनी पोट ढवळलेलं असताना धावतपळत विमान गाठलं, की आत बसल्यावर जी मळमळ होते तिचा दोष विमानाला जातो. जमलं तर आदल्या दिवशीच खाली उतरून मुक्काम करा.

शेवटच्या घटकेपर्यंत घरात रेंगाळणं

देवाला नमस्कार, ओटी, शेजारणीचा निरोप, हे सगळं हवंच, पण ते तासभर आधी उरकावं. सामान घेण्याचे काउंटर बहुतेक कंपन्या विमान सुटण्याच्या 45 ते 60 मिनिटं आधी बंद करतात. निपाणीहून हायवेने झपाट्याने येता येतं, पण पुढे शहर ओलांडून सांबरा रस्त्याला लागेपर्यंत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. दोन तास आधी पोचलेलं माणूस शांतपणे खुर्चीत बसतं. धापा टाकत पोचलेल्याची छाती आधीच धडधडत असते.

आणखी एक, तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग जुळतं का ते पाहा. वडिलांचं नाव, आडनाव, गावाचं नाव यांचा क्रम आपल्याकडे कागदागणिक बदलतो. फरक दिसला तर कंपनीला आधीच फोन करा, दारातल्या जवानासमोर नको.

चटणी हातातल्या पिशवीत

हे सांबऱ्याला मी डोळ्यांनी पाहिलंय. नऊवारीतल्या एक आजी, हातात कापडी पिशवी, पिशवीत लेकीसाठी कांदा-लसणाच्या तिखटाची बरणी. बरणी पुन्हा फडक्यात बांधलेली, त्यावर सुतळी. स्कॅनरपाशी ती बाहेर काढायला लावली तेव्हा आजींचे हात थरथरायला लागले. आपलं काहीतरी मोठं चुकलं असंच त्यांना वाटलं. पुढे विमानात बसेपर्यंत त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

तिखट आणि लोणचं हातातल्या सामानात चालत नाही, ते मोठ्या बॅगेत नीट बांधून द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊच नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालात धरतात. पॉवर बँकेचं उलटं आहे, ती हातातच हवी, मोठ्या बॅगेत ठेवता येत नाही. कुंदा, करदंट ही मिठाई खुशाल न्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिन मात्र कायम स्वतःजवळ ठेवा. मोठी बॅग एकदा पट्ट्यावर गेली की उतरल्यावरच हाती लागते.

आवाज कसले, हे आधी न सांगणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. पहिल्यांदा बसणाऱ्याला आपण 'काही होत नाही' एवढंच सांगतो. त्याने धीर येत नाही. काय होणार आहे, ते क्रमाने सांगा.

विमान धावपट्टीवर वेग घेतं, पाठ सीटला चिकटते. वर गेल्यावर खालून धडधड आणि मग 'धप्' असा आवाज येतो, ती चाकं आत जातात. मिनिटभराने इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. इथेच माझ्या शेजारच्या मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, "बंद पडलं काय गं?" बंद पडलेलं नसतं. उड्डाणाला लागणारा जास्तीचा जोर वर चढल्यावर कमी करतात. मधूनमधून 'टिंग' वाजतं ते कर्मचाऱ्यांना इशारा म्हणून. उतरताना पंखाच्या मागच्या फळ्या बाहेर येतात, तेव्हा घरघर ऐकू येते. टेकल्यावर इंजिन मोठ्याने गरजतं, ते वेग कमी करण्यासाठी.

सांबऱ्याहून कधी बाहेर पंखे फिरणारं एटीआर विमान मिळतं, कधी छोटं जेट. एटीआर मोठ्या जेटपेक्षा खालून उडतं, म्हणून पावसाळ्यात ढगांतले हेलकावे जास्त लागतात. पंख हलताना दिसतात, ते वाकावेत असेच बनवलेले असतात. हेलकाव्यांत खरा धोका पट्टा न लावलेल्या माणसाला. पंखाजवळच्या सीटवर हादरे कमी जाणवतात, अगदी मागे सगळ्यात जास्त. आणि एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या दिवसांत, दुपारपेक्षा सकाळचं विमान घ्या. ऊन तापून ढग चढायच्या आत पोचता.

घाबरल्यावर भराभर श्वास घेणं

भीतीने श्वास जोरात चालू झाला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि 'हार्ट अटॅक आला की काय' म्हणून भीती दुप्पट होते. अशा वेळी चार आकडे मोजत नाकाने श्वास आत घ्या, सहा मोजत हळू सोडा. सोडणं लांबवायचं, मुद्दा तो आहे. जपाची सवय असलेल्यांनी प्रत्येक नाव श्वास सोडताना घ्यावं. हवाई सुंदरीला सांगायला लाजू नका, 'भ्या वाटालंय' एवढं हिंदीत मोडकंतोडकं सांगितलं तरी त्या येऊन बसतात. छातीत खरोखर कळ येत असेल, ती हातात किंवा जबड्यात जात असेल, तर मात्र श्वासावर वेळ न घालवता लगेच बोलवा.

उतरताना झोपून राहणं

कान उतरताना दुखतात, कारण हवेचा दाब वाढतो आणि कानाच्या आतली नळी तितक्या लवकर उघडत नाही. विमान खाली यायला लागलं की जागं करा. लवंग, बडीशेप, गोळी, काहीही चघळायला द्या. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजा. सर्दीने नाक गच्च असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्याची झोपेची गोळी

'अमक्याने घेतली, छान झोपला' म्हणून गोळी घेऊ नका, वयस्कर माणसांनी तर नाहीच. त्यांना गुंगीत तोल जाऊन पडण्याची भीती असते. कोऱ्या पोटीही बसू नका, घरून दोन घास दहीभात खाल्लेला चांगला. चहा-कॉफी एकच कप.

विमान रद्द झालं तर हताश होऊन घरी परतू नका. दुसरं विमान की पैसे परत, हे निवडण्याचा हक्क प्रवाशाचा आहे, काउंटरवर तसं मागा. आणि ज्यांना तिकिटाचं नाव काढलं तरी आठवडाभर झोप लागत नाही, त्यांनी प्रवास टाळत बसण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. या भीतीवर उपचार आहेत, आणि ते दरवेळी औषधांचेच असतात असं नाही.