जग अमेरिकनांकडे कसे पाहते, हे नीट समजून घेण्याची रीत

‘जगभर अमेरिकेविषयी नाराजी वाढली’ किंवा ‘अमेरिकेची प्रतिमा पुन्हा उजळली’ अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांतली बहुतेक विधाने खरी असली, तरी वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. याचे कारण असे की, अशा मथळ्यांत तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते: वॉशिंग्टनमधले सरकार, अमेरिकेतली माणसे आणि अमेरिकन जीवनपद्धती. एखाद्या देशातल्या लोकांचे या तिन्हींविषयीचे मत एकच असेल, असे क्वचितच घडते. म्हणून जगाचे अमेरिकनांविषयीचे मत जाणून घ्यायचे असेल, मग ते अभ्यासासाठी असो, लेखनासाठी असो वा परदेशी सहकाऱ्यांसोबत काम करण्यासाठी असो, पहिले काम या तीन गोष्टी वेगळ्या करण्याचे आहे.

इराणचे उदाहरण घ्या. १९७९ च्या क्रांतीपासून तिथल्या सरकारी मेळाव्यांत अमेरिकेच्या विनाशाच्या घोषणा दिल्या जातात आणि त्यामागे खरा इतिहास आहे: १९५३ मध्ये पंतप्रधान मोसादेक यांचे सरकार उलथवण्यात सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा हात होता आणि १९८८ मध्ये अमेरिकन युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले, त्यात २९० माणसे मृत्युमुखी पडली. तरीही ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेहरानमधले सामान्य लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले आणि त्यांनी मृत अमेरिकनांना श्रद्धांजली वाहिली. सरकारचा राग आणि माणसांविषयीची कणव या दोन्ही गोष्टी एकाच शहरात नांदत होत्या. प्यू रिसर्च सेंटर ही संस्था २००२ पासून अनेक देशांत लोकमताच्या पाहण्या करत आली आहे. ज्या वर्षी तिने ‘अमेरिका’ आणि ‘अमेरिकन लोक’ असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले, त्या वर्षी बहुतेक देशांत अमेरिकन लोकांना अमेरिकेपेक्षा अधिक चांगला कौल मिळाला.

तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे जीवनपद्धतीची, आणखी फोड करावी लागते. अमेरिकन चित्रपट आणि संगीत आवडते, पण अमेरिकन चालीरीती आपल्या देशात पसरलेल्या नकोत, असे एकाच दमात सांगणारे लोक अनेक देशांत बहुसंख्येने आढळले आहेत. २०२१ मध्ये प्यूने प्रगत देशांत केलेल्या पाहणीत अमेरिकेचे तंत्रज्ञान, करमणूक, लष्कर आणि विद्यापीठे यांना वरचे स्थान मिळाले, तर आरोग्यव्यवस्थेला अगदी खालचे. हेवा आणि नकार एकाच मनात असतात, यात विसंगती मानण्याचे कारण नाही.

आकडे वाचताना एकटा आकडा कधीही उचलू नये, त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडावेत. हे कसे करायचे, ते इंडोनेशियाच्या उदाहरणावरून पाहू. अमेरिकेविषयी अनुकूल मत असणाऱ्यांचे तिथले प्रमाण २००२ मध्ये ६१ टक्के होते. २००३ मध्ये, इराकवरील आक्रमणानंतर, ते १५ टक्क्यांवर कोसळले. २००५ मध्ये ते ३८ टक्क्यांपर्यंत वर आले. मधल्या काळात काय घडले होते? २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीने आचे प्रांत उद्ध्वस्त केला होता आणि अमेरिकेच्या ‘अब्राहम लिंकन’ या विमानवाहू नौकेवरची हेलिकॉप्टरे, रस्ते वाहून गेलेल्या गावांत पाणी आणि अन्न उतरवत होती. नंतरच्या वर्षी प्रमाण पुन्हा घसरले, म्हणजे मदतीचा परिणाम खरा असला तरी तो आपोआप टिकत नाही, हेही दिसले. २००९ मध्ये ते ६३ टक्क्यांवर गेले, कारण ज्यांच्या बालपणाची काही वर्षे जकार्तात गेली ते बराक ओबामा त्या वर्षी अध्यक्ष झाले होते. यातला कोणताही एक आकडा घेऊन ‘इंडोनेशियन लोकांना अमेरिका आवडते’ किंवा ‘आवडत नाही’ असे लिहिले असते, तर ते विधान कायमचे खरे राहिले नसते.

जर्मनीत असेच दिसते. २०२० मध्ये अमेरिकेविषयी अनुकूल मत असणारे २६ टक्के होते आणि २०२१ मध्ये ५९ टक्के. एका वर्षात अमेरिकन माणसे बदलली नव्हती, अध्यक्ष बदलले होते. आकडा इतक्या झपाट्याने हलला, तर तो बहुधा सरकारविषयीचा असतो. माणसांविषयीचे मत सावकाश बदलते.

पाहणीचा अहवाल हाती आला की आणखी काही गोष्टी तपासाव्यात. कोणते देश घेतले आणि कोणते गाळले? प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला? मनमोकळे उत्तर देणे धोक्याचे ठरेल अशी तिथली राजवट आहे का? वयानुसार आणि राजकीय कलानुसार फोड दिली आहे का? शेवटचा मुद्दा विशेष मोलाचा आहे. अनेक देशांत तरुणांचे अमेरिकेविषयीचे मत ज्येष्ठांपेक्षा चांगले असते, पण दक्षिण कोरियात २००२-०३ च्या सुमारास नेमके उलटे होते. १९५० ते १९५३ चे युद्ध अनुभवलेली पिढी अमेरिकेला तारणहार मानत होती, तर त्यांची नातवंडे अमेरिकन लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्याबद्दल मेणबत्ती मोर्चे काढत होती.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: या देशाला कोणती अमेरिका भेटली? १९९९ मध्ये, कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी, अमेरिकेच्या पुढाकाराने नाटोने सर्बियावर बाँबहल्ले केले. कोसोवोची राजधानी प्रिश्टिना इथे आज बिल क्लिंटन यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे, आणि कोसोवोतले लोक अमेरिकेला जगात सर्वाधिक पसंती देणाऱ्यांपैकी आहेत. सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये मात्र त्याच हल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या लष्करी मुख्यालयाचे भग्नावशेष अनेक वर्षे भर वस्तीत उभे होते. एकाच मोहिमेची दोन शेजारी समाजांतली आठवण इतकी वेगळी असेल, तर ‘युरोपचे मत’ असे शब्द वापरताना किती सावध राहावे लागेल, हे उघड आहे. ग्रीसमध्ये दरवर्षी १७ नोव्हेंबरला अथेन्समधल्या अमेरिकन दूतावासावर मोर्चा जातो, कारण १९६७ ते १९७४ या काळातल्या लष्करी राजवटीला अमेरिकेने दिलेला पाठिंबा तिथले लोक विसरलेले नाहीत. मेक्सिकोने १८४६ ते १८४८ च्या युद्धात आपला जवळपास निम्मा भूभाग गमावला, आणि तरीही लाखो मेक्सिकन कुटुंबांचे एक तरी माणूस सीमेपलीकडे असते. तिथले मत दुखावलेपण आणि आपलेपण यांच्यामध्ये सतत ओढले जाते.

मात्र इतिहासाची सरळ बेरीज-वजाबाकी करून उत्तर मिळत नाही. फिलिपिन्सने १८९९ पासून अमेरिकेविरुद्ध रक्तरंजित युद्ध लढले आणि १९४६ पर्यंत अमेरिकेची सत्ता सोसली, तरी आज अमेरिकेविषयी सर्वाधिक जिव्हाळा असणाऱ्या देशांत त्याची गणना होते. व्हिएतनाममध्ये २०१७ च्या पाहणीत ८४ टक्के लोकांनी अमेरिकेविषयी चांगले मत नोंदवले. व्हिएतनाममधल्या बहुसंख्य लोकांचा जन्म १९७५ नंतरचा, म्हणजे युद्ध संपल्यानंतरचा आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण नकाशावर सापडते: दोन्ही देशांना दक्षिण चीन समुद्रात चीनच्या वाढत्या ताकदीची धास्ती आहे. पोलंडचे अमेरिकाप्रेमही शेजारच्या रशियाला वगळून समजत नाही. म्हणून देशाचा इतिहास वाचून झाला की शेजारी कोण आहे तेही पाहावे. लोक दूरच्या सत्तेचे मोजमाप बहुतेक वेळा जवळच्या सत्तेशी तुलना करून करतात.

देशाच्या आतही मत एकसारखे नसते. २०११ च्या भूकंप आणि सुनामीनंतर अमेरिकन सैनिकांनी जपानमध्ये मोठे मदतकार्य केले आणि त्या वर्षी ८५ टक्के जपानी लोकांनी अमेरिकेविषयी अनुकूल मत दिले. पण जपानच्या भूभागाचा जेमतेम ०.६ टक्के भाग असलेल्या ओकिनावात, जपानभरातल्या, केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या तळांची सुमारे ७० टक्के जमीन आहे. १९९५ मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी तिथल्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार केल्यानंतर उसळलेला संताप आजही विझलेला नाही. टोकियोत राहणारा आणि तळाच्या कुंपणालगत राहणारा असे दोघेही जपानीच आहेत.

आता माणसांच्या स्वभावाकडे वळू. अमेरिकनांचे वर्णन करताना इतर देशांतले लोक काही विशेषणे पुन्हा पुन्हा वापरतात. कष्टाळू, आशावादी आणि कल्पक ही चांगल्या बाजूची. उद्धट, लोभी आणि हिंसक ही वाईट बाजूची. ही दोन्ही प्रकारची विशेषणे तोच माणूस देत असतो. २००५ च्या पाहणीत खुद्द अमेरिकनांनीही मोठ्या संख्येने आपल्या देशबांधवांना लोभी म्हटले होते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. स्वतःला इतक्या उघडपणे नावे ठेवणारा समाज निव्वळ गर्विष्ठ असू शकत नाही, असे माझे मत आहे.

अशी विशेषणे कानावर आली की ती मान्य करण्याआधी किंवा फेटाळण्याआधी त्यामागची व्यवस्था शोधावी. बक्षिशीचेच पाहा. अमेरिकन पर्यटक उपाहारगृहात भरघोस बक्षीस ठेवतो. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे बिलातच धरलेले असल्यामुळे तो तिथे दिलदार किंवा श्रीमंतीचे प्रदर्शन करणारा वाटतो आणि जपानमध्ये वाढपी ते पैसे परत द्यायला त्याच्या मागे धावण्याची शक्यता असते. पण त्याच्या देशात बक्षीस मिळणाऱ्या कर्मचाऱ्याचे केंद्रीय कायद्यानुसार किमान मूळ वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे, काही राज्यांत ते अधिक असले तरी. ग्राहकाने बक्षीस दिले नाही तर वाढप्याचे घर चालत नाही, ही जाणीव अंगात मुरलेला माणूस परदेशातही हात आखडता घेत नाही. ‘अमेरिकन लोक आठवड्याभरात पाच शहरे उरकतात, त्यांना काही नीट पाहायचेच नसते’ ही युरोपातली नेहमीची तक्रारही अशीच तपासता येते. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा हा कायदेशीर हक्क आहे, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात खासगी नोकरदाराला पगारी रजेची एका दिवसाचीही हमी नाही. ती घाई स्वभावाची नसून रजेच्या अर्जाची असते.

काही समज मात्र तपासल्यावरही उभे राहतात. अमेरिकेत नागरिकांकडे लोकसंख्येपेक्षा जास्त बंदुका आहेत, हा परदेशात सर्वत्र चर्चेचा विषय असतो आणि ते खरेच आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार ती संख्या सुमारे ३९ कोटी ३० लाख होती. त्यावरून प्रत्येक अमेरिकन हिंसक आहे असे ठरत नाही, पण परक्या माणसाला वाटणारी भीती निराधार आहे असेही म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष माणसांशी बोलून माहिती मिळवायची असेल, तर ‘अमेरिकन लोक तुम्हाला कसे वाटतात?’ असा थेट प्रश्न टाळावा. त्याला टीव्हीवरून आणि समाजमाध्यमांतून तयार झालेले उत्तर मिळते. त्याऐवजी असे विचारावे: तुम्हाला भेटलेला शेवटचा अमेरिकन माणूस कोण होता, तो तिथे कशासाठी आला होता, त्याच्याशी तुमचे काय बोलणे झाले? उत्तर देणाऱ्याला पर्यटक भेटला, सैनिक भेटला, कंपनीचा वरिष्ठ भेटला की १९६१ मध्ये सुरू झालेल्या ‘पीस कोअर’ या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतला, गावात राहून शिकवणारा स्वयंसेवक भेटला, यावर त्याचे मत फार अवलंबून असते. एकही अमेरिकन भेटला नसेल, तर तेही नोंदवून ठेवावे. विचारणाऱ्याने स्वतःचा चष्माही याच वेळी तपासावा, कारण १९७१ च्या बांगलादेश युद्धात बंगालच्या उपसागरात शिरलेले अमेरिकेचे सातवे आरमार आठवणारी पिढी आणि जिची भावंडे न्यू जर्सीत स्थायिक झाली आहेत ती पिढी, या दोन्ही भारतात एकाच छपराखाली राहतात, आणि दोघींना एकच उत्तर वेगवेगळे ऐकू येते.

शेवटी, हाती आलेले निष्कर्ष लिहिताना प्रत्येक वाक्यात कोणाचे मत, कशाविषयीचे आणि कधीचे, हे तिन्ही यायला हवे. २०२५ मध्ये अमेरिकेने लादलेले आयातशुल्क आणि कॅनडाला एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा यांमुळे कॅनडातल्या अनेक प्रांतांनी अमेरिकन मद्य दुकानांतून काढून टाकले आणि हॉकीच्या सामन्यांत अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो झाली. त्याच वर्षी इस्रायल आणि नायजेरियात अमेरिकेविषयीचे मत सुधारले. ‘कॅनडियन लोक अमेरिकनांवर चिडले’ असे लिहिण्याऐवजी ‘२०२५ मध्ये बहुसंख्य कॅनडियन लोकांचे अमेरिकन सरकारविषयीचे मत झपाट्याने बिघडले आणि त्याची झळ अमेरिकन मालाला आणि अमेरिकेतल्या पर्यटनव्यवसायालाही बसली’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण काही वर्षांनी नवी पाहणी आली, तरी ते खोडावे लागत नाही. त्याच्या खाली नवे वर्ष घालून पुढची नोंद करता येते.