थंड उन्हाळ्यातले टोमॅटो : वाण निवडताना या चुका टाळा

माझं बालपण नारायणगावचं. हंगामात बाजार समितीत टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या बघतच मोठा झालो. त्यामुळे अमेरिकेत सिएटलजवळ घर घेतल्यावर परसात चार टोमॅटो लावणं मला अवघड वाटलं नाही. पहिल्या वर्षी हौसेनं ब्रँडीवाइन नावाचा मोठ्या फळाचा वाण लावला. सप्टेंबर सरत आला तेव्हा झाडं खांद्याच्या वर गेली होती, फळं मुठीएवढी झाली होती आणि एकूण एक हिरवी होती. मग पाऊस लागला आणि आठ-दहा दिवसांत करपा रोगानं बाग काळी पडली. त्या वर्षी मी खताला, पाण्याला, मातीला दोष देत बसलो. खरी चूक वाण निवडतानाच झाली होती.

इथला उन्हाळा माणसाला सुखाचा, टोमॅटोला मात्र थंड. जुलैतही दुपारी साधारण २५-२६ अंश आणि रात्री १३-१४. जूनच्या रात्री त्याहून गार. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली राहिलं की परागकण नीट काम करत नाहीत, फळधारणा होत नाही आणि फूल देठापासून गळतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अशीच फूलगळ होते, पण ती उष्णतेनं. लक्षण एकच, कारण नेमकं उलटं. म्हणून गावी फोन करून विचारलेला उपाय इथे लागू पडत नाही.

पाकिटावरचे दिवस चुकीचे मोजणं

बियाण्याच्या पाकिटावर ‘६० दिवस’, ‘८५ दिवस’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते बी पेरल्यापासून मोजतात. टोमॅटोच्या बाबतीत हा आकडा बहुधा रोप जमिनीत लावल्यापासूनचा असतो, आणि तोही चांगल्या उबेत. थंड भागात त्यात दोन-तीन आठवडे सरळ मिळवा.

आता हिशेब करा. इथे रात्री १० अंशांच्या वर स्थिरावतात मेच्या अखेरीस. त्याआधी रोप लावून काही मिळत नाही. गार मातीत ते नुसतं बसून राहतं, पानं खालून जांभळी पडतात, कारण थंड मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. मेअखेर लावलेला ६० दिवसांचा वाण ऑगस्टच्या मध्याला पिकू लागतो. ८५-९० दिवसांचा वाण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे नेमका पावसाच्या तोंडावर. भातात आपण हळवा (लवकर तयार होणारा) आणि गरवा (उशिरा तयार होणारा) वाण म्हणतो ना, तोच विचार इथे लावायचा. थंड उन्हाळ्यात हळवाच वाण हवा. पाकिटावर ७० च्या वरचा आकडा दिसला तर मी ते पाकीट परत ठेवतो. ब्रँडीवाइन, सॅन मर्झानो, चेरोकी पर्पल हे सगळे या हिशेबात बाहेर जातात. वाईट वाटतं, पण जातात.

मोठ्या फळाचा मोह

फळ जितकं मोठं, तितकी त्याला पिकायला ऊब जास्त लागते. म्हणून निम्मी जागा तरी लहान फळांना द्या. सनगोल्ड हा नारंगी चेरी टोमॅटो इथे जवळजवळ कधीच दगा देत नाही. स्तुपित्से हा मूळचा चेक प्रजासत्ताकातला वाण; फळ लिंबापेक्षा थोडं मोठं, चव आंबट-गोड, सारासाठी माझ्या पहिल्या पसंतीचा. अर्ली गर्ल त्याहून जरा मोठा.

त्याहून मोठं फळ हवंच असेल तर ऑरेगन स्टेट विद्यापीठात जिम बॅगेट यांनी काढलेले वाण बघा : ऑरेगन स्प्रिंग, सिलेट्झ, लेजंड. हे खास अशाच हवेसाठी तयार केलेले आहेत. गारठ्यात परागीभवन झालं नाही तरी यांना फळ धरतं. त्यामुळे सुरुवातीच्या फळांत बी जवळपास नसतं. सनगोल्डची गोडी यांना नाही, पण भाजी-आमटीला गर भरपूर. शिवाय झाडं झुडपी राहतात, तारकाठीचा खटाटोप नाही.

गावचं बी इथे आणणं

पुसा रुबी किंवा अर्का रक्षक हे भारतीय वाण इथे लावायची इच्छा मला समजते. पण एक तर आवश्यक कागदपत्रांशिवाय बी अमेरिकेत आणायला मनाई आहे. दुसरं, रोगच वेगळे आहेत. अर्का रक्षक पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांच्याशी झुंजतो. सिएटलच्या ओल्या सप्टेंबरमध्ये झाड मारतो तो उशिरा येणारा करपा, १८४५ पासून आयर्लंडचे बटाटे ज्यानं नासवले तोच. त्याला सहनशील असा वाण मागा : लेजंड, माउंटन मॅजिक. आणि टोमॅटोशेजारी बटाटा लावू नका.

लावून झालंय, आता काय?

फुलं गळत असतील तर दुपारी ऊन असताना फुलांचे घोस बोटानं हलके हलवा आणि रात्री झाडावर पातळ कापड टाका. नुसता पाला माजला असेल तर नत्राचं (नायट्रोजनचं) खत थांबवा. फळाचं बूड काळं पडत असेल तर ते बहुधा पाण्याच्या अनियमितपणामुळे. लांबट फळांच्या वाणांत हे जास्त दिसतं. कुंडी किंवा वाफा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत असेल तर भिंतीची ऊब रात्रीही मिळते, हा फरक मला खतापेक्षा मोठा वाटला.

ऑगस्टच्या मध्यानंतर उंच वाढणाऱ्या झाडांचे शेंडे खुडा. त्यानंतर आलेलं फूल या हंगामात फळ देणार नाही. पावसाचा अंदाज आला की ज्या फळांवर किंचित लाली दिसते ती सगळी उतरवून घरात, फ्रिजबाहेर, एकेरी थरात ठेवा, ती पिकतात. ज्यांच्यावर काहीच रंग नाही आणि आकारही पूर्ण नाही, त्यांची वाट बघू नका. दाण्याचं कूट, तीळ, लसूण, हिरवी मिरची आणि गुळाचा खडा घालून त्यांची चटणी वाटा. आमच्याकडे ऑक्टोबरचा पहिला आठवडा भाकरीबरोबर हीच असते.