कांद्याच्या पट्टीचा हिशोब आणि पायथनचे इम्पोर्ट

लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला कांदा विकला की हातात हिशोबपट्टी येते: वजन, दर, कपात, निव्वळ रक्कम. हाच हिशोब पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मांडून चार प्रोग्रामांत चिकटवला, की हमाली बदलल्यावर चार ठिकाणी दुरुस्ती आली, आणि त्यातली एखादी हमखास राहते. त्यापेक्षा हिशोब एका फाइलीत ठेवायचा आणि बाकीच्यांनी तो तिथून मागवायचा. ती फाइल म्हणजेच मॉड्यूल. त्यासाठी वेगळे काही बनवावे लागत नाही.

खालच्या कोडमध्ये इम्पोर्ट, फ्रॉम, डेफ असे पायथनचे शब्द आणि आकडे देवनागरीत आहेत. टाइप करताना ते रोमनमध्येच हवेत. फंक्शन आणि व्हेरिएबलची नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात. फाइलीचे नाव रोमनमध्ये ठेवलेले बरे. त्यात मोकळी जागा किंवा मधली आडवी रेघ नको आणि सुरुवातीला आकडा नको, नाहीतर इम्पोर्टच्या ओळीत ते नाव लिहिताच येत नाही.

एका फोल्डरमध्ये हिशोब.पाय ही फाइल करा:

हमाली = ८
डेफ निव्वळ(वजन, दर):
    रिटर्न वजन * (दर - हमाली)

शेजारीच पट्टी.पाय:

इम्पोर्ट हिशोब
प्रिंट(हिशोब.निव्वळ(१८.४, १४५०))

म्हणजे १८ क्विंटल ४० किलो माल, दर १४५०, हमाली क्विंटलमागे ८ रुपये धरलेली. उत्तर २६,५३२ रुपये ८० पैसे. इम्पोर्टच्या ओळीत ‘.पाय’ लिहायचे नाही. विंडोजवर नोटपॅडने फाइल ‘हिशोब.पाय.टीएक्सटी’ अशी जतन केली असेल, तर सगळे बरोबर दिसूनही मॉड्यूल सापडत नाही. एक्सप्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा.

दरवेळी ‘हिशोब.’ लिहायचा कंटाळा येतो म्हणून बरेच जण ‘फ्रॉम हिशोब इम्पोर्ट निव्वळ, हमाली’ असे लिहितात. फंक्शनसाठी ते ठीक आहे, बदलत्या आकड्यासाठी नाही. समजा पट्टी.पायमध्ये पुढे ‘हमाली = १०’ लिहिले. बदलते ते फक्त तुमच्या फाइलीतले नाव. निव्वळ हे फंक्शन स्वतःच्या फाइलीतली हमाली बघते आणि तिथे अजून ८ च आहेत. एरर येत नाही, पट्टी चुकीची निघते. बदल खरोखर हवा असेल तर ‘इम्पोर्ट हिशोब’ करून ‘हिशोब.हमाली = १०’ लिहा. त्याहून चांगले म्हणजे हमाली फंक्शनलाच द्या. ‘फ्रॉम हिशोब इम्पोर्ट *’ तर टाळाच. कोणते नाव कुठून आले ते महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही.

पैशांसाठी साधे दशांश नकोत: ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतो. ‘फ्रॉम डेसिमल इम्पोर्ट डेसिमल’ करा. दुसऱ्या डेसिमलचे पहिले अक्षर कॅपिटल. वजन अवतरणचिन्हांत द्या, म्हणजे डेसिमल('१८.४'). अवतरण विसरलात तर दशांशातली चूक तशीच आत जाते. अवतरणातले आकडे देवनागरीत असले तरी चालतात, ही त्यातली गंमत.

आता ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’, म्हणजे मॉड्यूल सापडले नाही ही तक्रार. पायथन आधी हे मॉड्यूल या रनमध्ये लोड झाले आहे का ते बघतो. नसेल तर ‘सिस.पाथ’ या यादीतले फोल्डर क्रमाने धुंडाळतो: पहिला चालवलेल्या स्क्रिप्टचा फोल्डर, मग पायथनपाथ या सेटिंगमध्ये दिलेले, मग पायथनची स्वतःची लायब्ररी, शेवटी पिपने (बाहेरची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) टाकलेली पॅकेजेस. टर्मिनल कुठल्या फोल्डरमध्ये आहे याचा इथे संबंध नाही. ‘ओपन’ने बाजारभावाची फाइल उघडताना मात्र टर्मिनलचाच फोल्डर धरला जातो. म्हणून कधीकधी इम्पोर्ट चालतो आणि पुढच्याच ओळीत फाइल सापडत नाही. शंका आली की ‘इम्पोर्ट सिस’ आणि ‘प्रिंट(सिस.पाथ)’.

याच क्रमामुळे सरावाच्या फाइलीला रँडम.पाय नाव दिले की घोळ होतो. पायथन तुमचीच फाइल उचलतो आणि ‘रँडइंट’ नाही म्हणून तक्रार करतो. फाइलीचे नाव बदला. ‘प्रिंट(रँडम.__फाइल__)’ केले की खरी कोणती उचलली ते दिसते.

पिपने पॅकेज टाकले तरी सापडत नाही, तेव्हा बहुतेकदा संगणकावर पायथन दोन असतात. नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न करता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल पिलो’ करा. म्हणजे ज्या पायथनने प्रोग्राम चालतो त्याच्याच घरात माल पडतो. पिलोचे इम्पोर्टचे नाव मात्र ‘पीआयएल’ आहे आणि ब्यूटिफुलसूप४ चे ‘बीएस४’. पिपला द्यायचे नाव आणि इम्पोर्टचे नाव सारखेच असेल असे धरून चालू नका.

इम्पोर्ट होताना फाइलीतल्या सगळ्या ओळी एकदा चालतात. हिशोब.पायच्या तळाशी तपासणीसाठी प्रिंट ठेवला असेल तर तो पट्टी काढतानाही छापला जाईल. तो ‘इफ __नेम__ == '__मेन__':’ याखाली घ्या, म्हणजे ती फाइल थेट चालवली तरच छापला जाईल. दुसऱ्यांदा इम्पोर्ट केल्यावर त्या ओळी पुन्हा चालत नाहीत. म्हणून चालू शेलमध्ये (पायथनला एकेक ओळ देतो त्या खिडकीत) फाइल दुरुस्त करून परत इम्पोर्ट केले तरी जुनाच हिशोब मिळतो. शेल बंद करून उघडा, किंवा ‘इम्पोर्टलिब.रीलोड(हिशोब)’ वापरा. फ्रॉमने आधी घेतलेली नावे मात्र रीलोडनंतरही जुनीच राहतात.