लेव्हल वाढतेय, पण चोर आवरत नाही? ओपन-वर्ल्ड आरपीजीतल्या (मोकळ्या जगात फिरून आपलं पात्र घडवायच्या गेममधल्या) या चुका टाळा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. मालवणात होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या, आणि वडिलांच्या बोटीवर जाणारा माझा भाचा दोन महिने आमच्या माडीवर. बाहेर पाऊस, आत लॅपटॉपवर ऑब्लिव्हियन हा जुना गेम. परवा वरून हाक आली, "मामानू, ह्यो मरणाच नाय! गेम बिघाडलो काय?"

जाऊन बघतो तर रस्त्यावरचा साधा वाटमाऱ्या. अंगावर 'ग्लास' नावाचं महागडं, झगझगीत चिलखत, आणि मागतोय काय, तर 100 मोहरा! ते चिलखत विकलं असतं तर त्याला रस्त्यावर उभं राहायची गरजच नव्हती. भाचा तलवार हाणतोय, हाणतोय, आणि चोराच्या आरोग्याची लाल पट्टी जेमतेम कणभर सरकतेय.

गेम बिघडला नव्हता. पात्र बिघडलं होतं, आणि तेही रोज थोडं थोडं.

2006 च्या मूळ ऑब्लिव्हियनमध्ये सुरुवातीला 7 मेजर स्किल, म्हणजे मुख्य कौशल्यं, निवडायची असतात (बाकीची मायनर). त्यांत मिळून 10 वाढी झाल्या आणि पलंगावर झोप काढली की लेव्हल चढते. भाच्याने निवडलेली यादी बघून मी कपाळाला हात लावला: ॲक्रोबॅटिक्स (उड्या), ॲथलेटिक्स (धावणं), स्नीक (लपतछपत चालणं), मर्कंटाइल (खरेदी-विक्री)... कारण काय, तर "ती आपोआप वाढतत." वाढतातच. हा चालायच्या ऐवजी उड्या मारत फिरायचा. एकदा तर खाणावळीत एका माणसाच्या पाठीमागे, भिंतीला तोंड लावून, स्नीकमध्ये पात्र उभं केलं, डब्ल्यूच्या बटणावर जाळ्याचं शिसं ठेवलं आणि खाली पेज नि सुका बांगडा खायला येऊन बसला.

हिशेब करा. स्नीक 25 वरून 75 वर गेलं, म्हणजे 50 वाढी, म्हणजे 5 लेव्हल. या 5 लेव्हलमध्ये तलवार जिथे होती तिथेच. पण जग तुमची तलवार बघत नाही, लेव्हलचा आकडा बघतं आणि त्यावरून चोराला चिलखत देतं. भरतीला आपली होडी वर आली म्हणून कोणी छाती फुगवत नाही, कारण शेजारच्याचीही तेवढीच वर आलेली असते. भाच्याची तर भोक पडलेली होती.

म्हणून पहिली चूक ही: लेव्हल म्हणजे ताकद असं धरून चालणं. जग सोबत वाढणाऱ्या गेममध्ये लेव्हल हे समोरच्याला दिलेलं आमंत्रण असतं. मूळ ऑब्लिव्हियनमध्ये ज्या कौशल्याने तुम्ही रोज मारता किंवा वाचता, तेच मेजर ठेवा. लेव्हल चढताना पात्राचे 3 मूळ गुण वाढवायला मिळतात, आणि त्या गुणाच्या कौशल्यांत 10 वाढी झाल्या असतील तर तो थेट 5 ने वाढतो. त्यातल्या एंड्युरन्सकडे, म्हणजे चिवटपणाकडे, आधी बघा. दर लेव्हलला एंड्युरन्सच्या दहाव्या हिश्शाइतकं आरोग्य वाढतं आणि मागची थकबाकी मिळत नाही, त्यामुळे उशिरा वाढवाल तर तेवढं कायमचं गेलं. पात्र आधीच फसलं असेल तर झोपू नका. झोप नाही तर लेव्हल नाही, आणि लेव्हल नाही तर चोरही जागेवर राहतो. तोवर तलवार वाढवून घ्या.

2025 च्या रीमास्टर्डमध्ये, म्हणजे त्याच गेमच्या नव्याने सजवलेल्या आवृत्तीत, ही कटकट बरीच कमी केली आहे. तिथे मायनर कौशल्यंही लेव्हलमध्ये धरतात आणि दर लेव्हलला गुणांत वाटायला 12 पॉइंट सरळ हातात मिळतात. जग मात्र अजूनही सोबत वाढतंच.

आणि डिफिकल्टीची पट्टी डावीकडे सरकवून गेम सोपा करण्यात लाज कसली? ऑब्लिव्हियनच्या पुढच्या स्कायरिम या गेममध्ये लेजंडरीवर, म्हणजे सर्वांत कठीण पातळीवर, तुमचा घाव पावपट लागतो आणि तुम्हाला तिप्पट बसतो. शत्रूची अक्कल त्याने तसूभर वाढत नाही, नुसता वेळ जातो. मला तरी ही कठीणता वाटत नाही, घासाघीस वाटते.

ऑब्लिव्हियनची सवय घेऊन एल्डन रिंग (2022) या गेममध्ये शिरणं ही दुसरी चूक. तिथे भरती नाही, खडक आहेत, आणि ते तुमच्यासाठी वर-खाली होत नाहीत. लिमग्रेव्ह या पहिल्याच प्रदेशात पाऊल टाकताच सोनेरी घोडेस्वार दिसतो, ट्री सेंटिनल. भाचा तीन संध्याकाळी त्याच्यावर आपटत होता, कारण "पयलोच आसा, म्हणजे सोपो असतलो." नाही रे बाबा. त्याला वळसा घाल, दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा, हत्यार सुधार, मग परत ये.

तिथे पैसा, म्हणजे रून, कुठे घालायचा यातही लोक फसतात. सगळं स्ट्रेंग्थमध्ये (ताकदीत) ओततात आणि आरोग्य ठरवणारा व्हिगर 15 वर ठेवून दोन फटक्यांत आडवे होतात. व्हिगर 40 ला आरोग्य 1450 असतं, 60 ला 1900. पुढे 99 पर्यंत नेलंत तरी 2100 च. म्हणजे 20 लेव्हलमध्ये 450 मिळाले आणि नंतरच्या 39 मध्ये फक्त 200. 60 ला थांबा. घाव जड हवा असेल तर स्मिदिंग स्टोन, म्हणजे हत्यार सुधारायचे दगड, शोधा: साधं हत्यार +25 पर्यंत जातं, सोंबर या वेगळ्या दगडाने सुधारणारं खास हत्यार +10 पर्यंत, आणि सुरुवातीला दोन-चार स्ट्रेंग्थपेक्षा हत्याराची एक पायरी जास्त कामी येते. वाटप चुकलंच तर रेनाला या मोठ्या शत्रूला हरवल्यावर तिला लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू देऊन सगळं नव्याने मांडता येतं. शॅडो ऑफ द एर्डट्री या एल्डन रिंगच्या पुरवणी भागात 150 लेव्हलचे लोकही मार खातात. तिथे स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करून आशीर्वाद वाढवावा लागतो, नुसत्या लेव्हलवर भागत नाही.

विचर 3 या गेमची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: गुण खर्च केले, फरक पडत नाही. कौशल्य विकत घेतलंत, पण खाचेत बसवलंत का? खाचेबाहेरचं कौशल्य कपाटातल्या छत्रीसारखं. शेजारी त्याच रंगाचा म्युटाजेन, म्हणजे कौशल्याला जोर देणारा अर्क, लावा. आणि शत्रू तुमच्याबरोबर वाढवण्याचा पर्याय चुकून चालू राहिला असेल तर बंद करा, नाहीतर गावातली कुत्रीसुद्धा गेराल्टला, म्हणजे तुमच्या नायकाला, फाडतात.

स्कायरिममध्ये बक्षिसाची तलवार तुमच्या त्या वेळच्या लेव्हलवर ठरते आणि तशीच राहते. चिलरेंड या तलवारीचं सर्वांत चांगलं रूप 46 व्या लेव्हलपासून मिळतं. गुहांचं वेगळं: बहुतेक गुहांची लेव्हल तुम्ही पहिल्यांदा आत शिरता तेव्हा ठरते, म्हणून लवकर डोकावून आलेलं फायद्याचं. मोठं बक्षीस घेण्याआधी स्वतःच्या हाताने वेगळी सेव्ह करा. आमच्याकडे आषाढात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ऑटोसेव्हवर विसंबणारा इथे एकदाच विसंबतो.

भाच्याने शेवटी पट्टी डावीकडे सरकवली आणि चोराला लोळवलं. ग्लासचं चिलखत घेऊन बाजारात गेला आणि आधी साठवलेला सगळा माल एकेक करून विकत बसला. प्रत्येक सौद्याला मर्कंटाइल वाढतं, आणि ते तुझं मेजर आहे, हे मी जिना चढत सांगेपर्यंत पडद्यावर सूचना आली होती: आता विश्रांती घ्या.

"झोपू नको," मी म्हणालो.

"झोपलंय," भाचा म्हणाला.