सासूबाईंची हिशेबाची वही

"अख्खं अथर्वशीर्ष न अडखळता म्हणतात, त्यांना कसला डिमेन्शिया?" आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात सासूबाईंबद्दल सगळ्यांचं हेच मत. माझंही होतं. पण डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, जुनं पाठांतर बराच काळ टिकतं, त्यावर विसंबू नका. कालचं किती आठवतंय आणि रोजची कामं कशी होतायत, ते बघा.

मला खूण सापडली ती हिशेबाच्या वहीत. सासूबाई चाळीस वर्षं रोज रात्री पै-पैचा हिशेब लिहितात. त्या वहीत मंडईची एकच भाजी दोनदा मांडलेली, बेरजा अर्धवट, लाइटचं बिलही दोनदा भरलेलं. चष्मा काय, माझाही रोज हरवतो. पूर्वी हातच्या मळासारखं असलेलं काम आता अडतंय का, हे ताडायचं. महिनाभर तारखा घालून टिपणं ठेवा: तोच प्रश्न किती वेळा आला, गोळ्या चुकल्या का, ओळखीच्या बोळात वाट चुकली का. स्वभाव बदलला, भिशीला जाणं बंद झालं, तेही लिहा.

घरी परीक्षा मात्र घेऊ नका. "काल जेवायला काय होतं, सांगा बघू," असं मी विचारत सुटले, तर त्या माझ्याशी बोलेनाशाच झाल्या.

टिपणं घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. आमच्या डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला लावलं, मग ते शब्द परत विचारले. ही मिनी-कॉग चाचणी, जेमतेम तीन मिनिटांची. 5 पैकी 3 पेक्षा कमी गुण आले तर पुढची तपासणी; निदान नव्हे. शाळा कमी झाली असेल तर आधीच सांगा, गुणांवर फरक पडतो.

पाठोपाठ विसरण्याची इतर कारणं शोधायला रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासायचं. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत बी-12 बऱ्याचदा कमी निघतं. औषधांची अख्खी पिशवी न्या; झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी विसर वाढतो. कानही तपासा, ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? उदासपणाबद्दलही डॉक्टरांशी बोला. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला किंवा पडल्यानंतर वाढला, तर टिपणं बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा.

सासूबाईंचं बी-12 कमीच निघालं. इंजेक्शनं चालू आहेत, तरी न्यूरॉलॉजिस्टनी सहा महिन्यांनी परत बोलावलंय. वही अजून त्याच लिहितात. बेरीज मी तपासते, त्या झोपल्यावर.